पिवळ्या तापाची पत्रं

रोहिणखेडच्या वाटेवर एसटी ज्या फाट्याला घटकाभर थांबते, तिथून आत वळलं की आमचं गाव. वेशीपाशी नाला आहे, नाल्यावर पूल आहे आणि पुलाखालच्या बाभळींत कापडं अडकलेली आहेत. नवख्या माणसाला वाटतं, पुरानं वाहून आणली असतील. ती माणसांनीच आणून सोडलेली आहेत. आमच्याकडे माणूस ज्या अंथरुणात जातो ते अंथरूण आणि त्याच्या अंगावरचं कापड घरात ठेवत नाहीत. नाल्यात सोडतात. सोडण्याआधी घरातलं कोणीतरी त्याचा काठ वीतभर फाडतं. काठ फाडलेलं कापड उचलायचं नाही, हे इथं कोणी कोणाला शिकवत नाही. लहानपणी आपोआप कळतं, जसं विस्तवाचं कळतं.

अन्नपूर्णाबाई याच गावची सून. तिच्यासारखी गोधडी शिवणारी बाई मोताळ्यापासून मलकापुरापर्यंत झाली नाही, हे मी लिहून ठेवतो. ज्याला पटत नसेल त्यानं जुन्या घरांतल्या पेट्या उघडून बघाव्यात. घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेरवी झाल्यावर बाया त्याच्या पेटीतली धुतलेली लुगडी, धोतरं गाठोड्यात बांधून तिच्याकडे आणत. ती ओसरीत कापड पसरी, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवी आणि कडेकडेनं टाका घालत चौकोनातून आत आत सरकत जाई. काम करताना बोलत नसे. मधेच थांबून कापडावर तळवा ठेवी, जणू कोणाची नाडी पाहते आहे. मग पुढचा टाका. गोधडी पुरी झाली की घरचे घेऊन जात आणि त्या हिवाळ्यात गेलेल्या माणसाची ऊब त्या घरात परत येई. बाया म्हणत, "अन्पूर्णेची वाकय अंगावर घेतली का मेलेलं मानूस पाठीवरून हात फिरवते."

हे बोलणं तिच्या कौतुकाचं होतं. पुढे त्याच बोलण्याची गावाला भीती वाटू लागली.

त्याला कारण झालं वच्छलाबाईच्या घरचं मरण. वच्छलाबाई आणि अन्नपूर्णाबाई एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. एकीच्या विहिरीचं पाणी आटलं तर दुसरीच्या विहिरीवर घागरी भरायच्या, एकीच्या बाळंतपणात दुसरीनं चूल पेटवायची, असा त्यांचा संसार. ज्या भादव्यात गावाला टँकरनं पाणी येत होतं, त्या भादव्यात वच्छलाबाईची सासू तापानं गेली. तेरवीनंतर गाठोडं आलं. त्यात एक हिरवं लुगडं होतं, अजून घट्ट विणीचं. त्याचा काठ एका जागी फाटलेला होता. अन्नपूर्णाबाईनं तो शिवला आणि ते लुगडं गोधडीच्या आतल्या थराला घातलं. गोधडी वच्छलाबाईची नात राखी पांघरू लागली. शाळेत नुकतीच जाऊ लागलेली पोर, पणजीच्या कुशीत झोपायची सवय होती तिला.

काही दिवसांत राखीला ताप भरला. खामगावला नेलं. रक्तातल्या पेशी उतरत गेल्या. पोर परत आली ती पांढऱ्या कापडात.

दहावा होऊन गेल्यावर वच्छलाबाईनं ती गोधडी उसवली. काय शोधत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. आत हिरवं लुगडं निघालं आणि लुगड्याला शिवलेला काठ. गोधडीचा तो लोळागोळा घेऊन ती भर दुपारी अन्नपूर्णाबाईच्या ओट्यापुढे उभी राहिली.

"हा काठ म्या माह्या हातानं फाडला व्हता, अन्पूर्णे. बुढी गेली त्या दिशी. नाल्यात सोडासाठी." तिचा आवाज चढला नव्हता. "तू शिवला. मेलेल्याचा काठ तू शिवला."

फाडलेलं लुगडं नाल्याऐवजी गाठोड्यात कसं गेलं, हे कोणी विचारलं नाही. मयताच्या गर्दीत कोणी वाळत टाकलं असेल, कोणी घडी घातली असेल. गावानं एवढंच धरलं की शिवलं कोणी.

त्यानंतर तिच्या ओट्यावर गाठोडं आलं नाही. लहान लेकरू कडेवर घेतलेली बाई तिला पाहून पदर लेकराच्या तोंडावर ओढी. अन्नपूर्णाबाईनं सुई पेटीत ठेवली, पण हात ऐकत नव्हते. दोरीवर वाळत घातलेलं कोणाचंही कापड दिसलं की तिची बोटं आधी काठाकडे जात आणि पूर्ण काठ चाचपून झाल्याशिवाय परत येत नसत. थंडीतही तिनं अंगावर पांघरूण घेणं सोडलं. कोणी विचारलं तर म्हणे, "जड लागते." वच्छलाबाईच्या घरावरून जावं लागू नये म्हणून ती शेतातून फेरा मारून दुकानात जाई. बांधावरच्या गवतात वारा शिरला की तिला मागे कोणीतरी कापड ओढत चालल्याचा आवाज येई. ती वळून पाहत नसे.

तिला गावापेक्षा मोठा प्रश्न स्वतःचा होता. कापड विरून फाटतं ते वेगळं आणि हातानं फाडतात ते वेगळं. विरलेल्या चिरेला धाग्यांची दाढी येते. हातानं फाडलेली चीर दोरीसारखी सरळ जाते. हा फरक अंधारातही कळावा असा तिचा हात. मग त्या दिवशी कळला नाही, की कळला आणि कापड चांगलं म्हणून हात पुढे गेला? तिनं हे पुष्कळदा आठवून पाहिलं. आठवणीत नुसती सुई आत जाताना दिसे. चीर दिसत नसे.

अशात भागवतचं लग्न झालं. भागवत तिचा एकुलता एक, खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला; सुट्टीला घरी येणारा. त्याची बायको समता लोणारकडची, इंग्रजी घेऊन शिकलेली. तिनं घरूनच करायचं टायपिंगचं काम धरलं. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा विद्यापीठात जुनी पत्रं जपून ठेवलेली होती, त्यांचे फोटो तिच्या कॉम्प्युटरवर येत. डाव्या बाजूला पत्र, उजव्या बाजूला कोरी जागा. वाचायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. शाई पसरून अक्षर बुजलं असेल तिथं 'वाचता येत नाही' असं लिहायचं. आपल्या मनानं शब्द भरायचा नाही, असा त्या कामाचा नियम होता.

पत्रं एका डॉक्टरची होती. शंभरावर वर्षांपूर्वी क्यूबा नावाच्या बेटावर पिवळा ताप नावाच्या आजारानं माणसं पटापट मरत. तो ताप पसरतो कसा हे शोधायला अमेरिकेच्या फौजेतल्या डॉक्टरांनी जिवंत माणसांवर प्रयोग केले. पुढे चाळीसेक वर्षांनी, ही पत्रं ज्याची त्या डॉक्टरनं त्या प्रयोगांचा इतिहास खणायला घेतला. जे शिपाई उरले होते त्यांना, जे गेले त्यांच्या बायकापोरांना तो पत्रं लिहून विचारत राही: त्या दिवशी कोण कुठे होतं, काय घडलं, तुम्हाला काय आठवतं.

भागवतनं पानठेल्यावर कौतुकानं सांगितलं, "समता पिवया तापाची पत्रं टाइप करून राह्यली." झालं. पानठेलेवाला कडूबा दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन ओट्यावर हजर.

"वहिनी, याचे डोये पाहा. हळदीवानी झाले. तुमच्या पत्रात औषिद काय सांगतलं?"

"भाऊजी, पत्रातला ताप म्हणजे कावीळ नाही. तो वेगळाय. आपल्याकडे नसतो."

"आपल्याकडे नसते त मंग टाइप काऊन करता? बिनकामाचा ताप टाइप करून राह्यल्या!"

"याला दवाखान्यात न्या आधी."

"दवाखान्यात नेतोच. तुमी फुकट सांगता का पायलं." मेव्हण्याच्या पाठीत थाप मारून तो म्हणाला, "चाल बे, वहिनी इंग्रजी हाय, आपला मराठी पिलिया तिले समजत नाई."

त्या दिवशी अन्नपूर्णाबाई खूप दिवसांनी हसली. म्हणूनच तिनं समताजवळ बसून विचारलं, "मंग कशाचा ताप हाय तो? काय लिवलं हाय त्या पत्रात?"

समताला दिवस गेलेले होते. पाठीला उशी लावून ती पत्र वाचत होती. तिनं सहज सांगितलं, "तेव्हा लोकांना वाटायचं की मेलेल्याच्या कपड्यांतून ताप येतो. चादरीतून, उशीतून."

अन्नपूर्णाबाईचा हात मांडीवर होता तो तसाच राहिला.

"मग त्यांनी एक लाकडाचं घर बांधलं. बारकं. हवा येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आत शेगडी पेटवून ठेवलेली. ज्या रोग्यांची अंथरुणं होती ती पेट्यांत भरून आणली. मळलेली, रक्ताची, ओकारीची. न धुतलेली. तरणे शिपाई आत गेले, पेट्या उघडल्या, चादरी झटकल्या आणि त्याच अंथरुणांत झोपले. रोज रात्री."

"जबरदस्तीनं?"

"नाही, स्वतःहून तयार झालेले."

"मंग?" तिचा आवाज इतका बारीक आला की समतानं मान वर करून पाहिलं. "मेले ते?"

"एकही नाही. साधा ताप कुणाला आला नाही. दुसरं एक घर होतं स्वच्छ, वाफेनं धुतलेल्या चादरींचं. तिथं जाळीच्या एका अंगाला मच्छर सोडले होते. जो मच्छरांकडच्या बाजूला राहिला तो पडला आजारी." समता आता सरसावून बसली. लग्न होऊन आल्यापासून तिनं गावचं सगळं ऐकलं होतं, पण हा विषय काढायला तिला कधी वाट सापडली नव्हती. "आई, तो मच्छर आणि डेंग्यूचा मच्छर एकच. पायावर पांढरे पट्टे असतात तो. राखीला डेंग्यू होता ना? पेशी उतरल्या म्हणजे दुसरं काय असणार? वच्छलामावशींच्या सासूचाही तापच. कापडातून काही येत नाही. तुमची गोधडी होती नुसती गोधडी."

अन्नपूर्णाबाई उठून आत गेली आणि पाणी पिऊन परत आली. आनंद झाला असेल म्हणावं तर चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"त्या शिपायांचं पुढे काय झालं? डाक्तरनं पत्रं धाडली म्हनते ना तू. त्याहीनं काय कयवलं?"

समतानं शोधून एक पत्र काढलं. ते एका शिपायाच्या बायकोनं लिहिलं होतं, नवरा गेल्यावर. ती थांबत थांबत मराठीत सांगू लागली.

"ती लिहिते, माझ्या नवऱ्याला त्या घरात काहीही झालं नाही, तुमच्या कागदांत हे असेलच. तो धडधाकट परत आला. पण आमच्या संसारात तो कधी पलंगावर निजला नाही. खुर्चीत निजायचा. मी धुतलेली चादर दोरीवरून काढली की तो खोलीबाहेर जायचा. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, त्या गादीत आधीच्या माणसाच्या अंगाचा खळगा होता, मी त्यात बरोबर मावलो. पुढे तिनं लिहिलंय, तो माणूस कोण होता हे त्याला…" समता थांबली.

"हं, काय?"

"इथं शाई गेलीय. वाचता येत नाही."

"वाच वं. थोडंसं असन."

"नाही वाचता येत, आई."

अन्नपूर्णाबाई त्या काळपट डागाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ताप नाई गेला त्याच्यात. पन मानूस गेला."

दोन दिवस समता तिच्या मागे लागली होती. "तुम्ही वच्छलामावशीकडे जा. पाहिजे तर मी येते, पत्र दाखवते. आणि माझ्या बाळाला गोधडी तुम्ही शिवायची. माझ्या आईनं तिच्या जुन्या साड्या काढून ठेवल्यात, मी नको म्हणाले नाही. गाव काही बोललं तर मी बोलेन."

आपल्या नातवंडाला आपल्या हातची गोधडी. हे अन्नपूर्णाबाईनं स्वतःशीही कधी मागितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तिनं धुतलेलं पातळ नेसलं, केस विंचरले आणि शेताच्या फेऱ्यानं न जाता सरळ गल्लीतून निघाली. दारादारांतून बाया पाहत होत्या. काय म्हणायचं ते ती मनात घोळवत होती: मच्छर होता, वच्छले, पांढऱ्या पट्ट्याचा; विलायतेतल्या डाक्तरांनी पाहून ठेवलं हाय; माह्या हातानं नाई मेली तुही नात.

वच्छलाबाई अंगणात होती. निळा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा पाडून, कमरेपर्यंत आत वाकून, नारळाच्या काथ्यानं घासत होती. तो घासल्याचा खरखर आवाज रिकाम्या ड्रममधून मोठा होऊन येत होता. बाहेर आली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले, कातडी सोललेली. अन्नपूर्णाबाईला पाहून ती दचकली नाही. जणू ही आज ना उद्या येणारच असं ती धरून होती.

"बस," ती म्हणाली आणि परत ड्रमात वाकली.

अन्नपूर्णाबाई ओट्याच्या कडेला टेकली. "इतकं काऊन घासून राह्यली? कोरा तर दिसते."

"नाई दिसत. बुडाले चिकटून राह्यते काही. रोजच घासा लागते."

"रोज?"

वच्छलाबाईनं काथ्या खाली ठेवला. "त्या भादव्यात टँकर कधी येईन नेम नव्हता. म्या हा डरम भरून ठेवे. झाकन फुटलं व्हतं. दवाखान्याची आशाताई आली, बॅटरी मारून पाह्यलं, म्हने, मावशी, किडे हायेत वयवय करनारे, याचेच मच्छर होतात, सांडून द्या. म्या म्हनलं, तुह्या बापानं आनून देल्लं का पानी? सांडून देऊ म्हनते! हाकलून देल्लं तिले." तिनं ड्रमकडे बोट केलं. "राखी इथंच खेये. या डरमापाशी. त्याच्यात तोंड घालून कुहू करे, आवाज घुमते म्हनून. बुढीची बाजही इथंच व्हती, सावलीले."

अंगणात दुसरं कोणी नव्हतं. आडवा पडलेला ड्रम वाऱ्यानं किंचित हलला आणि त्याच्या पोकळीतून बारीक हुंकार निघाला. तो थांबेपर्यंत दोघीही तिकडे पाहत राहिल्या.

"आइकलं?" वच्छलाबाई कुजबुजली.

"वारा हाय."

"वारा हायच." मग तिनं एकदम अन्नपूर्णाबाईचं मनगट धरलं. ओला, खरबरीत, थंडगार हात. "तुही सून ते तापाचं टाइप करते म्हने. कडूबा सांगे. मच्छराचं काही हाय म्हने त्याच्यात. तू तेच सांगाले आली का वं?"

अन्नपूर्णाबाईनं तोंड उघडलं तशी वच्छलाबाईनं मान हलवली.

"मले नको सांगू दुसरं काही. एकच सांग." पकड घट्ट झाली. "गोधडीच व्हती ना? अन्पूर्णे, गोधडीनंच गेली ना माही पोट्टी?"

घोळलेले सगळे शब्द अन्नपूर्णाबाईच्या जिभेवर होते. एक मच्छर म्हटलं असतं की झालं असतं. पण तो शब्द तिच्या तोंडून सुटून त्या निळ्या ड्रममध्येच जाऊन पडणार होता आणि तिथून रोज, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला, वर येणार होता. समोरची बाई त्या आवाजासोबत एकटी राहणार होती. आजवर तिच्यासोबत निदान एक वैरीण तरी होती.

"हाव," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "गोधडीच व्हती. म्या चीर वयखली व्हती, वच्छले. लुगडं चांगलं व्हतं म्हनून शिवली."

वच्छलाबाईनं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, जसे डोक्यावरची मोळी उतरवल्यावर येतात. मग ती रडू लागली. राखी गेल्यावर ती अशी रडली नव्हती. अन्नपूर्णाबाई शेजारी बसून राहिली. रडणं ओसरल्यावर वच्छलाबाई म्हणाली, "जा आता," आणि त्यात राग नव्हता.

घरी आल्यावर समतानं विचारलं, "सांगितलं?"

"सांगतलं."

"काय म्हणाल्या?"

अन्नपूर्णाबाईनं जे घडलं ते सगळं सांगितलं. समता आधी ऐकत राहिली, मग तिचा चेहरा लाल झाला. "खोटं बोललात तुम्ही! अख्खं आयुष्य गाव तुमच्याकडे बोट दाखवणार. चीर ओळखली होती म्हणालात? ओळखली होती का?"

"मले माहीत नाई."

"मग बोललात कशाला?"

"आता माहीत हाय," ती म्हणाली. "बोलली त आता तेच खरं."

समता काही दिवस सासूशी धड बोलली नाही. पण रागातही तिनं हट्ट सोडला नव्हता. आईकडच्या साड्यांचं गाठोडं आलं ते तिनं आणून सासूपुढे ठेवलं. मऊ, धुवून धुवून सायीसारख्या झालेल्या साड्या, जिवंत बाईच्या. "गावाला काय सांगायचं ते सांगा. घरात शिवा. चार भिंतींच्या आत कोण बघतंय?"

अन्नपूर्णाबाईनं गाठोड्याची गाठ सोडली नाही. वरून हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"बारशाले वच्छला येईन," ती म्हणाली. "पायन्यात पाह्यन. ज्या हातानं तिची नात गेली त्या हातची गोधडी म्या माह्या नातवाखाली घातली, हे तिनं पाह्यलं त तिले लगेच समजन, गोधडीत काही नव्हतं. मंग ती घरी जाऊन त्या डरमापाशी बसन. नेऊन ठेव हे."

समतानं गाठोडं उचललं. आत नेऊन ठेवलं.

पौषात मुलगी झाली. भागवतनं खामगावच्या दुकानातून ब्लँकेट आणलं, गुलाबी, अंगाला टोचणारं. अन्नपूर्णाबाई लेकराला न्हाऊ घाली, तेल लावी, पण गुंडाळायची वेळ आली की समताच्या हाती देई.

बारशाला वच्छलाबाई खरंच आली. किती वर्षांनी तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला. बाया बाजूला सरकल्या. ती पाळण्याशी गेली, वाकून पाहिलं, ब्लँकेटची घडी उलटून पाहिली.

"इकतची हाय?"

"इकतचीच," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"टोचते वं हे लेकराले," वच्छलाबाई म्हणाली. तिनं पोरीला उचललं, आपल्या पदरात घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. समता उठून चहा ठेवायला आत गेली.